चावीवाले मामा आणि बावन्न जोड



मागच्या वेळी आम्ही गॅसच्या नळीविषयी लिहिले होते. त्यानंतर दोन-तीन भगिनींनी वाटेत थांबवून सांगितले, "भाऊ, सभांचे वृत्तांत पहिल्या पानावर असतातच, तुम्ही आपले घरातलेच लिहीत जा." म्हणून आज एका खेळण्यातल्या आगगाडीची हकिगत सांगतो. खरे म्हणजे गाडीची नव्हे, तिच्या रुळांच्या जोडांची. आम्ही वाणिज्य शाखेचे, विज्ञानाशी संबंध दहावीला सुटला तो सुटलाच. त्यामुळे यातली अक्कल आमची नाही, हे आधीच सांगून टाकतो.

आमच्या सीवूड्सच्या इमारतीतली एक भगिनी खाडीच्या बाजूच्या मोठ्या इमारतींत घरकाम करते. पती हयात नाही, मुलगी नववीला, मुलगा सातवीला. ती ज्या घरी काम करायची ते कुटुंब परदेशी राहायला निघाले. जाताना त्यांनी जुन्या सामानातला एक लाकडी खोका तिला दिला. उघडला तर आत जर्मनीत बनलेले हातभर लांबीचे इंजिन, दोन डबे, एक ट्रान्सफॉर्मर आणि तपकिरी प्लॅस्टिकच्या स्लीपरांवर बसवलेले पितळी रूळ. मोजले तेव्हा सरळ तुकडे चौदा आणि वळणाचे बारा भरले. दोन रुळांमधले अंतर पंचेचाळीस मिलिमीटर.

ही गाडी घरातली नव्हे, बागेतली. लेहमान नावाच्या जर्मन कंपनीने १९६८ साली अशा गाड्या काढल्या. उन्हापावसात बाहेर राहाव्यात म्हणूनच रूळ पितळेचे, कारण ते लोखंडासारखे गंजून खात नाहीत. आपल्याकडे बागेतली गाडी म्हटले की पुण्याच्या पेशवे उद्यानातली १९५६ सालची फुलराणी आठवते. पण तिच्यात मुले बसतात, तिचे रूळही तसेच दणकट. पुण्यातच कोथरूडला जोशी यांचे लघुरेल्वेचे संग्रहालय १९९८ पासून आहे. तिथल्या गाड्या याहून पुष्कळ लहान आणि सगळा कारभार छपराखाली. उघड्यावरच्या या मधल्या आकाराच्या गाडीचे दुखणे निराळेच असते. ते आम्हांला पुढे कळले.

मुलांना आनंद झाला, पण त्यांच्या आईने हिशेब आधी केला. भंगारवाल्याने खोका हातात तोलून पाहिला आणि पितळेचे बाराशे रुपये सांगितले. जूनमध्ये शाळा उघडणार, दोघांचे गणवेश आणि वह्या घ्यायच्या. ती मुलांना म्हणाली, "शाळा उघडेपर्यंत खेळा. चालली तर बघू. नाही चालली तर मोडीत घालीन, मग रडायचे नाही." आम्ही गणवेशाचे पैसे देऊ केले, तेव्हा ती म्हणाली, "दान नको भाऊ." आम्ही गप्प बसलो. तिचे बरोबरच होते.

मग आम्ही आमच्या अभ्यासिकेच्या समितीपुढे विषय काढला. तिच्याकडून हा संच रीतसर विकत घ्यावा, मुलांना विज्ञानासाठी उपयोगी पडेल, असे सुचवले. खजिनदार म्हणाले, "चालत नसलेली वस्तू समितीच्या पैशाने कशी घ्यायची? आधी चालवून दाखवा." खजिनदाराने असेच बोलायला हवे. मात्र त्यामुळे सगळा भार त्या रुळांवर येऊन पडला.

इमारतीमागे मोकळी पट्टी आहे. पोरांनी एका संध्याकाळी तिथे अकरा फूट लांब, साडेचार फूट रुंद असा लांबट गोल मांडला. प्रत्येक तुकड्याच्या टोकाला पत्र्याची एक छोटी जोडपट्टी असते. तिच्यात पुढचा रूळ सरकवला की जोड झाला. सव्वीस तुकडे म्हणजे सव्वीस जागी जोड, आणि रूळ दोन म्हणून एकूण बावन्न. गाडी धावली. बायाबापड्या, पोरेबाळे सगळी बघायला जमली.

दुसऱ्या दिवशी दुपारी बघतो तर वळणाचे रूळ बाहेरच्या बाजूला फुगलेले. संध्याकाळी ते पुन्हा जागेवर आले, पण गाडी लांबच्या टोकाला जाऊन थांबू लागली. हाताने ढकलली की चार बोटे चालायची आणि पुन्हा थांबायची. तिसऱ्या दिवशी ती सुरूच होईना. कोणी म्हणाले इंजिन जळले, कोणी म्हणाले विलायती वस्तूला आपली वीज मानवत नाही. भंगारवाला दोनदा चक्कर मारून गेला.

आमच्याच मजल्यावर एक निवृत्त रेल्वे कामगार राहतात. वस्तीत त्यांना सगळे मामा म्हणतात. मनमाडच्या बाजूला गँगमध्ये लागले आणि चावीवाले म्हणून निवृत्त झाले. आपल्या समाजातल्या किती तरी घरांतले बाप-आजे अशाच गँगमध्ये होते, पण चावीवाला करतो काय हे नव्या मुलांना ठाऊक नसते. मामांच्या स्वतःच्या नातवालाही नव्हते. आजोबा रेल्वेत होते, एवढेच तो सांगे. चावीवाल्याने रोज आपल्या हद्दीतले पाच-सहा किलोमीटर रूळ पायी तपासायचे. जाताना एका रुळावर नजर, येताना दुसऱ्या. खांद्यावर हातोडा आणि पाना. सुटलेली चावी ठोकायची, ढिला बोल्ट आवळायचा, तडा दिसला तर गाडी थांबवायची. ऊन असो, पाऊस असो, एकट्याने. मागून आलेल्या गाडीखाली सापडलेले दोन सोबती मामांनी पाहिले आहेत. त्याविषयी ते फारसे बोलत नाहीत.

मामा खाली आले, गुडघ्यावर बसले, मग सरळ आडवे होऊन त्यांनी गाल जमिनीला टेकवला. एक डोळा मिटून रुळाच्या रेषेत पाहिले. पोरे हसली. मामा उठून म्हणाले, "आरे, तुम्ही रूळ एकमेकांना पार चिकटवलेत. उन्हात ते वाढतात. त्यांना वाढायला जागा कुठं ठिवली?"

इथे आमची वाणिज्य शाखा थोडी कामास आली. नववीतल्या मुलीच्या पुस्तकात धातूंच्या प्रसरणाचे आकडे होते, गुणाकार आम्ही केला. दर अंशाला पितळ आपल्या लांबीच्या दहा लाखांत एकोणीस भाग वाढते. पोलाद साडेअकरा भाग. सकाळी रूळ २८ अंशांवर, दुपारी हात लावला तर चटका बसतो म्हणून ६० अंश धरले. म्हणजे फरक बत्तीसचा. आमचा सगळा रूळ आठ मीटर, त्याची वाढ पाच मिलिमीटरला थोडी कमी. खऱ्या रेल्वेचा जुना रूळ तेरा मीटरचा असे. त्याचीही वाढ तेवढ्याच फरकाला पाच मिलिमीटरला थोडी कमीच येते. मामांना आकडा सांगितला तर ते म्हणाले, "तेवढीच फट आम्ही ठेवत होतो की." त्यांनी गुणाकार कधी केला नव्हता.

इथे शब्दाचा एक घोळ सांगून ठेवतो. रेल्वेच्या मराठीत सांधा म्हणजे गाडीने रूळ बदलायची जागा, सांधेवाला तो बदलणारा. आम्ही सांगतोय ती जागा निराळी. तिला जोडच म्हणू. तिथे रुळाच्या दोन्ही अंगांना लोखंडी पट्ट्या लावून चार बोल्ट आवळतात. त्या पट्टीला फिशप्लेट म्हणतात, गँगच्या बोलीत फिसपलेट. माशाशी तिचा संबंध नाही. जहाजाची डोलकाठी मोडली की दोन्ही बाजूंनी फळ्या बांधून ती उभी करत, त्या फळीला इंग्रज खलाशी फिश म्हणत. १८४७ साली विलियम ब्रिजेस ॲडम्स या इंग्रज इंजिनिअरने तोच उपाय रुळासाठी नोंदवला. त्याआधी रुळाची टोके खाली नुसती टेकवलेली असत आणि प्रत्येक जोडावर चाक आपटत असे.

तर फट ठेवायची. पण फट ठेवली तर वीज कशी जाणार? या गाडीत इंजिनाला वीज रुळांतूनच मिळते, एका रुळातून येते आणि दुसऱ्यातून परत जाते. ती एका तुकड्यातून पुढच्या तुकड्यात जाते ती केवळ त्या पत्र्याच्या पट्टीतून. पट्टी ढिली झाली, आत धूळ गेली किंवा खाडीच्या खाऱ्या हवेने हिरवे जंगाल धरले की वीज अडते. आमच्या रुळांचे तेच झाले होते. दुपारी रूळ रेटले गेले, पट्ट्या पसरट झाल्या. रात्री रूळ आखडले, पट्ट्या ढिल्या पडल्या. इंजिन ठणठणीत होते.

मामांना विजेचे विशेष माहीत नव्हते, पण एक गोष्ट त्यांनी सांगितली आणि सगळे सोपे झाले. वर्षातून एकदा, थंडीच्या दिवसांत, गँग एकेक जोड उघडत असे. प्लेटा काढायच्या, तारेच्या ब्रशने घासायच्या, ग्राफाइट आणि घासलेट कालवून आत लावायचे, बोल्टांना काळे तेल द्यायचे आणि पुन्हा आवळायचे. कशासाठी? तर रूळ प्लेटांच्या आत सरकता राहावा म्हणून. प्लेट गंजून जाम झाली की उन्हाळ्यात रूळ सरकत नाही, साप वळावा तसा वळतो. आम्ही चौकशी केली तेव्हा कळले की बागेतल्या गाड्यांच्या जोडांनाही ग्राफाइटचाच मलम लावतात. ग्राफाइट गुळगुळीत असते आणि वीजही वाहून नेते, म्हणजे दोन्ही कामे होतात. घासलेट मात्र नको, ते प्लॅस्टिकजवळ घातक. आम्ही कुलपात घालायची ग्राफाइटची पूड आणली, चिमूटभर व्हॅसलिनमध्ये कालवली आणि पट्टीच्या आत अगदी पातळ थर दिला. रुळाच्या माथ्यावर लागू द्यायची नाही, चाके घसरतात.

भगिनींसाठी एक सूचना. आमच्या घरातून मुलांना सल्ला मिळाला होता की पितळ आहे ना, चिंच लावून घासा, नाही तर पितांबरी. रूळ लखलखीत झाले खरे. पण चिंचेची आंबट ओल पट्ट्यांच्या आत राहिली आणि चार दिवसांत दुप्पट जंगाल धरले. समईला ठीक आहे, आपण ती धुऊन पुसतो. जोडाच्या आत फडके जात नाही. तिथे बारीक पॉलिश पेपर कोरडाच फिरवावा.

आता मजबुतीचे. नुसती सरकती पट्टी उघड्यावर टिकत नाही. परदेशात त्यासाठी पितळी चिमटे मिळतात. ते दोन रुळांना बाहेरून धरतात आणि बारीक स्क्रूने आवळले जातात. उत्तम वस्तू, पण बावन्न चिमट्यांची किंमत खोक्याच्या किमतीहून जास्त झाली असती. आम्ही नागदेवी स्ट्रीटवरून दोन मिलिमीटरचे न गंजणारे स्क्रू आणले. जोडपट्टीतून रुळाच्या तळपायापर्यंत बारीक ड्रिलने भोक पाडले आणि स्क्रू घट्ट बसवले. भोक बाहेरच्या बाजूने पाडायचे, म्हणजे चाकाची कड लागत नाही.

सगळेच जोड आवळले असते तर पुन्हा फुगवटा आला असता. म्हणून मामांनी तुकड्यांच्या जोड्या लावून दिल्या. तीन-तीन, चार-चार तुकडे पक्के आवळून एक लांब रूळ करायचा, असे आठ लांब रूळ. त्या आठांच्या मधले जोड सरकते. सरकत्या जोडाला स्क्रू एकाच बाजूला, दुसरी बाजू मोकळी. हिशेब असा की चार तुकड्यांचा रूळ सव्वा मीटरच्या आत, त्याची दुपारची वाढ पाऊण मिलिमीटर. बँकेचे कार्ड साधारण तेवढ्याच जाडीचे असते. सकाळी गार असताना फटीत कार्ड उभे धरायचे, रूळ त्याला टेकवायचा आणि कार्ड काढून घ्यायचे. दुपारी कडक उन्हात मांडणी केली तर फट जवळजवळ नकोच. हे उलटे केले की फजिती. बावन्नपैकी छत्तीस जोड पक्के झाले, सोळा सरकते.

सरकत्या सोळा जोडांवर वीज पट्टीच्या भरवशावर सोडली नाही. जोडाच्या अलीकडून पलीकडे तांब्याची सुटी तार, मध्ये थोडा झोल ठेवून, दोन्ही टोकांना डाग दिला. झोल नसेल तर रूळ सरकताना डाग उपटतो. मोबाइल दुरुस्त करणाऱ्या आमच्या तरुणाने बारीक इस्त्रीने प्रयत्न केला, पण डाग धरेना. पितळ उष्णता लगेच पळवून नेते. मग पंखे-मिक्सर दुरुस्त करणाऱ्याकडून शंभर वॅटची इस्त्री आणली. जवळचे स्लीपर वितळू नयेत म्हणून त्यांवर ओले फडके ठेवले. हे काम मोठ्या माणसानेच करावे, आणि उघड्यावर, कारण त्याचा धूर वाईट.

अशी तार खऱ्या रेल्वेतही असते. सीवूड्सच्या फलाटावर उभे राहिलात तर पाहा. वरच्या तारेतून लोकलला २५,००० व्होल्टची वीज मिळते. हार्बरला २०१६ पर्यंत ती १,५०० व्होल्टची होती. काम करून ती वीज परत जाते ती मुख्यतः रुळांतून. जिथे प्लेटांचा जोड आहे तिथे तिच्यासाठी वेगळी तार बांधलेली असते. सिग्नलसाठी काही जोड मुद्दाम वीज अडवणारे करतात, तो विषय निराळा.

नववीतल्या मुलीने मामांना विचारले, "लोकलचा खडखडाट आता फारसा नसतो. मग तिथे जोडच नाहीत का? आपणही सगळेच डाग देऊन टाकू." प्रश्न योग्य होता. आता रूळ वितळवून जोडतात. ॲल्युमिनियमची पूड आणि लोखंडाचे ऑक्साइड पेटवले की लोखंडाचा रस होतो, तो साच्यातून फटीत ओततात. असे शेकडो मीटर सलग रूळ असतात. ते वाढू पाहतात, पण जड काँक्रीटचे स्लीपर, पोलादी क्लिपा आणि खडी त्यांना धरून ठेवतात. मामा म्हणाले, "तुझ्या ह्या प्लॅस्टिकच्या पट्टीत तेवढा दम हाय का?" मुलगी म्हणाली, "नाही." मग जोडच बरे.

शेवटी मामांनी जे केले ते आम्हांला सगळ्यांत महत्त्वाचे वाटते, आणि त्याला एक पैसा लागला नाही. प्रत्येक जोडाखाली त्यांनी स्क्रू-ड्रायव्हरने खडीची कच ठासली, गँगमध्ये ठासतात तशी. त्यांचे म्हणणे, जोड सुटतो तो बोल्टामुळे कमी, खालची जागा पोकळ असल्यामुळे जास्त. चाक आले की टोक दबते, उठते, आणि आवळलेले सगळे हळूहळू सैल होते. कच टोकदार हवी, गोल गोटे नकोत, ते घरंगळतात. दोन इंच थर दिला, म्हणजे पाणीही खाली निघून जाते. ट्रान्सफॉर्मर मात्र तळमजल्यावरच्या घरात, खिडकीतून फक्त कमी दाबाच्या दोन तारा बाहेर. घरची वीज अंगणात नेऊ नका, हे पालकांनी नीट ध्यानात ठेवावे.

तपासणी मोटारसायकलच्या छोट्या दिव्याने केली. दिव्याच्या दोन तारा दोन रुळांना लावून एकेका तुकड्यावर पुढे जायचे. जिथे दिवा मंदावतो त्याच्या आधीचा जोड खराब. मामांच्या नातवाने रंगाने प्रत्येक जोडाला क्रमांक घातला आणि वहीत रोज नोंद ठेवू लागला. जाताना आतला रूळ, येताना बाहेरचा. त्याला तसे करायला कोणी सांगितले नव्हते.

बुद्ध पौर्णिमेला संध्याकाळी खजिनदारांना बोलावले. गाडी पाऊण तास धावली. एकदा थांबली ती फांदी पडली म्हणून. समितीने पंधराशे रुपयांना संच घेतला, त्या भगिनीला रीतसर पावती दिली आणि तिची सही घेतली. स्क्रू, तार, ग्राफाइट आणि कच मिळून खर्च ६४० रुपये, तोही हिशेबात दाखवला आहे. गणवेश आले. भंगारवाला आता आमच्याकडे पाहत नाही.

पावसाळ्यापुरते रूळ उचलून अभ्यासिकेच्या माळ्यावर ठेवले आहेत. पक्के केलेले लांब रूळ तसेच ठेवले, सोडवले नाहीत. फक्त सरकत्या जोडांच्या तारा एका बाजूने काढल्या. दिवाळीनंतर मामांच्या पद्धतीने पट्ट्या उघडून पुन्हा ग्राफाइट द्यायचे ठरले आहे.

सतरा क्रमांकाचा जोड मात्र अजून त्रास देतो. तिथला रूळ आधीच वाकलेला होता, तो सरळ होत नाही. मामा म्हणतात तुकडाच बदला. तीस सेंटीमीटरचा, पंचेचाळीस मिलिमीटर अंतराचा पितळी सरळ तुकडा हवा आहे. आपल्यापैकी कोणी अशा घरी कामाला असेल आणि तिथल्या माळ्यावरून असा खोका निघाला, तर मोडीत घालण्यापूर्वी आम्हांस जरूर कळवावे. समिती योग्य किंमत देईल, पावतीसह.